मुदत संपलेली घरं

रविवारी पेपर आला की आमच्या घरात त्याची वाटणी ठरलेली आहे. पहिलं पान ह्यांना, पुरवणी मुलांना आणि छोट्या जाहिराती मला. 'विकणे आहे' या मथळ्याखालचा मजकूर मी कापते आणि दोनशे पानी वहीत चिकटवते. शेजारी तारीख, गल्ली आणि मागितलेली किंमत लिहिते. पुढच्या रकान्यात जाहिरात बंद कधी झाली ते येतं. शेवटचा रकाना मी सगळ्यात रुंद आखलाय, त्याच्या डोक्यावर एकच शब्द आहे: 'का?'

बेळगावच्या टिळकवाडीत राहून मी जागांचे व्यवहार करते, त्याला आता सोळा वर्षं होतील. नव्या जाहिरातीमागे सगळेच जातात. पेपर हातात पडल्यापासून तासाभरात त्या मालकाला आठ-दहा एजंटांचे फोन गेलेले असतात. माझं लक्ष असतं थांबलेल्या जाहिरातींवर. चार रविवार आली आणि पाचव्या रविवारी दिसली नाही, वेबसाइटवर तीन महिने होती आणि मग उडाली, फाटकावरची पाटी उन्हापावसात पुसली, अशी घरं माझ्या वहीत जास्त.

घर विकून जाहिरात बंद झाली असेल तर गोष्ट संपली. न विकता बंद झाली असेल तर त्या घरात काय काय होऊन गेलं असेल याचा विचार करून बघा. विकायचं ठरवणं ही काही एका दिवसाची गोष्ट नसते. आईची समजूत काढलेली असते, पुण्या-मुंबईतल्या भावांशी फोन झालेले असतात, देव कुठल्या भावाकडे जाणार इथपर्यंत बोलणं आलेलं असतं. मग तीन महिने अनोळखी माणसं येतात, मोरी बघतात, भिंतीवर टकटक करतात, 'कळवतो' म्हणून जातात. आणि काहीच होत नाही. वर गल्लीत बोलायला सुरुवात होते की इतके दिवस गिऱ्हाईक लागेना म्हणजे घरात काहीतरी भानगड असणार. हे बोलणं मालकाच्या कानावर येतंच.

अमेरिकेत या कामाची एक पक्की रीत आहे. तिथं मालक एका एजंटाशी लेखी करार करतो आणि कराराला शेवटची तारीख असते, बहुतेक वेळा तीन किंवा सहा महिन्यांची. एजंटांची मिळून घरांची सामायिक यादी असते, तिला एमएलएस म्हणतात. घर न विकता मुदत संपली की यादीत त्याच्यापुढे 'एक्स्पायर्ड' असं लागतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाकीच्या एजंटांचे फोन सुरू होतात. त्यांचा हिशेब सरळ आहे. ज्याला विकायचंय असा मालक शोधत फिरावं लागत नाही, आणि त्याचा आधीचा एजंटही आता मोकळा झालेला असतो.

बेळगावात तसं काही नाही. एक घर पाच जणांकडे असतं, पाच जण पाच किमती सांगतात, करार कुणाशीच नसतो. आमच्याकडे मुदत संपते ती वेबसाइटला भरलेल्या पैशांची, पेपरातल्या चार रविवारांची आणि पत्र्याच्या पाटीवरच्या रंगाची. मालकाची विकायची इच्छा संपली का, हे त्यातल्या कशावरूनच कळत नाही. मला ते कळायला एक फोन पुरला, आणि तो फोन मला अजून आठवतो.

धंद्यातलं माझं तिसरं-चौथं वर्ष असेल. पैसे भरून मी एक ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं होतं. बंद पडलेल्या जाहिरातींचे नंबर कसे जमवायचे, सकाळी किती वाजता फोन लावायचा, मालक काय म्हणाला की आपण काय म्हणायचं, सगळं ओळीनं छापलेलं होतं. एका सकाळी मी तो कागद समोर ठेवून बसले आणि ओळीनं फोन लावत गेले. नमस्कार, तुमच्या घराची जाहिरात आता दिसत नाही, घर विकलं गेलं का? एका गृहस्थांनी फोन उचलला. आवाज शांत होता. ते म्हणाले, "जाहिरातीचं सगळं आमची मंडळी बघायची. ती गेली. आज बारावा दिवस आहे."

माझ्यासमोर कागदावर पुढची ओळ होती. माझ्या तोंडून ती ओळ गेली. "मग आता विकायचा विचार साधारण कधीपर्यंत आहे?"

त्यांनी फोन ठेवला नाही. रागावलेही नाहीत. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही, मग "बघतो" म्हणाले. मागं कुणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज येत होता. मीच फोन ठेवला. उरलेले नंबर त्या दिवशी लावले नाहीत, नंतरही कधी लावले नाहीत. तो छापील कागद मी फाडून टाकला आणि वहीत 'का?' हा रकाना आखला, तो त्याच आठवड्यात.

तेव्हापासून पहिला फोन मी मालकाला करत नाही. आधी घर विकलं गेलंय का ते बघते. आमच्याकडे कर्नाटकात नोंदणी खात्याच्या 'कावेरी' वेबसाइटवर ईसी काढता येते, म्हणजे त्या मालमत्तेवर कोणते दस्त नोंदवले गेले याचा दाखला. २००४ नंतरचं बरंचसं घरबसल्या दिसतं, त्याआधीचं हवं असेल तर सब-रजिस्ट्रार कचेरीत खेटे घालावे लागतात. दस्त झालेले असतील तर दाखला फॉर्म १५ मध्ये येतो. त्यात खरेदी, गहाण, बक्षीसपत्र असं ओळीनं लिहिलेलं असतं. त्या काळात काहीच झालेलं नसेल तर फॉर्म १६ मिळतो. जाहिरात बंद झाल्यानंतरच्या काळाचा फॉर्म १६ हातात आला की समजायचं, घर अजून त्याच माणसांचं आहे. एवढ्यानंही पुरतं कळत नाही म्हणा. संचकारपत्र, म्हणजे विसार देऊन केलेला करार, साध्या कागदावर झालं असेल आणि नोंदवलं नसेल तर ते ईसीत उमटत नाही. लाख-दोन लाख देऊन कुणीतरी घर अडकवून ठेवलेलं असतं आणि जगाला पत्ता नसतो. त्यासाठी गल्लीतच जावं लागतं.

गल्लीत गेलं की घर स्वतःच सांगायला लागतं. तुळशीला पाणी आहे का, मीटरची चकती फिरते का, उंबऱ्यावर ताजी रांगोळी आहे का. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला तर त्या घरात महिन्याला किती तेल लागतं हेसुद्धा माहीत असतं.

वडगावातलं एक फाटक मला कायम आठवतं. पत्र्याची निळी पाटी, वर पांढऱ्या रंगात 'घर विकणे आहे', खाली मोबाइल नंबर. आमच्या बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, मृगात सुरू झाला की नवरात्रापर्यंत पुरतो. त्या पावसात तारेला बांधलेली पाटीची खालची कड गंजली होती आणि नंबरातले शेवटचे दोन आकडे पोपडा धरून गळून पडले होते. दहातले आठच उरले होते. शेजाऱ्यांकडून नंबर घेऊन मालकांना फोन केला, ते पुण्यात असतात. म्हणाले, "चार महिन्यांत एक फोन नाही हो. बेळगावचा बाजार बसलाय." त्यांनी मागणी पाच लाखांनी उतरवलीसुद्धा होती. मी त्यांना पाटीचा फोटो पाठवला. पाच लाख त्या दोन आकड्यांपायी जाणार होते. मग आम्ही पाटी नव्यानं रंगवून घेतली, आकडे हातभर मोठे काढले, आणि मागणी होती तिथं परत नेली.

सगळीच कारणं अशी सोपी निघाली असती तर किती बरं झालं असतं.

पत्राचं सांगते. बंद जाहिरातीच्या मालकाला मी आता पत्र लिहिते, साध्या पोस्टानं. जाहिरातीत 'एजंट क्षमस्व' असेल तर तेही नाही. ती ओळ त्या माणसानं पैसे देऊन छापलेली असते, तिचा मान ठेवायचा. अशा बंद जाहिरातींच्या नंबरांच्या एक्सेल याद्या विकणारेही फिरतात, दर दोन महिन्यांनी एक तरी माझ्याकडे येतो. मी घेत नाही. १९०९ या फोन नंबरावर नोंद करून माणसं नको असलेले फोन बंद करतात, २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, हे सगळं आहेच. पण कायदा नसता तरी मी घेतली नसती. त्या यादीत कुणाचा बारावा दिवस चालला असेल, हे एक्सेलला कळत नाही.

पत्र एका पानाचं असतं. तुमच्या घराची जाहिरात मी अमुक महिन्यात पाहिली होती, रस्त्यावरून घरही पाहिलं. विक्री का थांबली हे समजून घ्यायला मला आवडेल. विकायचं नसेल तरी हरकत नाही, कागदपत्रांत काही अडचण असेल तर मला माहीत असलेलं सांगेन. खाली नाव, पत्ता, नंबर. एवढंच.

हे पत्र मराठीत असतं, याला आमच्या भागात फार अर्थ आहे. १९५६ सालच्या १ नोव्हेंबरला आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, तेव्हापासून घराजमिनीचा कागद कन्नड होत गेला. उतारा कन्नड, घरपट्टीची पावती कन्नड, मिळकत कुणाच्या नावावर आहे याची सरकारी ऑनलाइन नोंद म्हणजे ई-खाता, तोही कन्नड. माझ्या वयाच्या पुष्कळ मराठी माणसांना कन्नड बोलता येतं, बाजारात, बसमध्ये काही अडत नाही. पण वाचता येत नाही. स्वतःच्या घराचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेणारी माणसं मी रोज बघते, आणि वाचून सांगणाऱ्यानं काय गाळलं या शंकेनं त्यांची झोप उडालेलीही बघते. त्या घरात स्वच्छ मराठीत लिहिलेलं एक पान आलं की ते वाचलं जातं, दोनदा वाचलं जातं, कॅलेंडरच्या मागं खोचून ठेवलं जातं. कन्नड घरांसाठी माझी गोकाकची मैत्रीण लिहिते. ती माझ्या पत्राचं भाषांतर करत नाही. माझ्याबरोबर घर बघायला येते आणि मग तिच्या भाषेत तिच्या रीतीनं लिहिते. तिच्या पत्रांना उत्तरं माझ्यापेक्षा जास्त येतात.

उत्तरं आली की 'का?'चा रकाना भरायला लागतो.

सगळ्यात जास्त वेळा तिथं 'किंमत' असं लिहावं लागतं, आणि मालकाला तोंडावर सांगायला सर्वांत जड हेच. मालकाच्या मनातला आकडा येतो कुठून? पलीकडच्या गल्लीत कुणाचं तरी घर एवढ्याला गेलं म्हणे. ते 'म्हणे' फार महाग पडतं. सरकारी मूल्य एक असतं, खरेदीपत्रात लिहिलेला आकडा दुसरा असतो आणि गल्लीत बोलला जाणारा तिसरा. खरा आकडा फक्त घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला माहीत, आणि ते दोघं बोलत नाहीत. हा आमच्या धंद्याला लागलेला जुना रोग आहे, आणि आम्ही दलालांनी तो वाढवलाय. पाच एजंटांतला जो सगळ्यात मोठा आकडा सांगतो त्याला मालक घर दाखवायला देतो, म्हणून प्रत्येक जण चढवून सांगतो. मग तीन महिन्यांनी तोच मालकाला म्हणतो, "बघा की ओ, जरा कमी करावं लागतंय." मालकाला वाटतं आपल्याला फसवलं. त्याचं चुकत नाही.

शिवाय घेणाऱ्याचा खिसा घराच्या किमतीवर संपत नाही. कर्नाटकात २०२५च्या ऑगस्टअखेर नोंदणी शुल्क एक टक्क्यावरून दोन टक्के झालं. पंचेचाळीस लाखांवरच्या घराला पाच टक्के मुद्रांक, त्यावरचे अधिभार आणि हे दोन टक्के धरले की साडेसात टक्क्यांच्या वर जातं. पन्नास लाखांच्या घराला पावणेचार लाखांहून जास्त. बँक एवढ्यासाठी कर्ज देत नाही, हे रोख हातात लागतात. मालकाला हे कुणी सांगत नाही, तो म्हणतो पन्नासच तर मागितले.

दुसरं कारण ई-खाता. २०२४च्या ऑक्टोबरपासून ई-खात्याशिवाय खरेदीपत्राची नोंदच होत नाही. कंग्राळी, पिरनवाडी, मच्छे या बाजूला वीस-पंचवीस वर्षांपूर्वी शेतात पाडलेले प्लॉट माणसांनी बाँड पेपरवर घेतले. बिगरशेती झालेली नाही, नोंदणी नाही, पण घरं उभी राहिली, मुलं तिथंच मोठी झाली. आता ते घर विकायला काढलं की जाहिरात येते, चार पार्ट्या येतात आणि कागद बघून परत जातात. या माणसांनी कुणाला फसवलेलं नाही. फौंड्रीत पाळ्या करून, पतसंस्थेतून पैसे उचलून त्यांनी ते तीस बाय चाळीस घेतले. मी त्यांना गिऱ्हाईक आणून देऊ शकत नाही, आणि खोटी आशा लावत नाही. कुठल्या कचेरीत काय मागायचं ते एका कागदावर लिहून देते.

बायपास आणि रिंगरोडच्या आखणीत आलेल्या शेतांबद्दल मी बोलणार नाही, ती जाहिरात कधी परत येईल हे कुणाच्याच हातात नाही. खानापूरकडच्या जमिनींचंही थोडक्यात सांगते. २०२० मध्ये कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्यालाही कर्नाटकात शेतजमीन घेता यायला लागली, तेव्हापासून 'फार्महाऊससाठी उत्तम' अशा जाहिरातींचा पूर आला. त्यातल्या निम्म्या बंद पडतात त्या वाटेपायी. जमीन आहे, झरा आहे, पण आत जायची वाट दुसऱ्याच्या बांधावरून.

मुलींच्या सह्या हे कारण मात्र मी वहीत लिहिताना दरवेळी थांबते. आपल्याकडे वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मानं हिस्सा हे कर्नाटकानं १९९४ सालीच मान्य केलं, देशभर २००५ साली झालं आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राहिलेल्या शंकाही मिटवल्या. तरी जाहिरात देताना भाऊ बहिणीला विचारत नाहीत. वकिलानं सही मागितली की मग आठवण होते. बहीण सही देत नाही तेव्हा घरात तिला लोभी म्हणतात. अशा दोन-तीन बहिणींशी मी बोललेय. त्यांना पैसे नको होते. आपल्या माहेरचं घर विकायला काढलंय हे त्यांना पेपरातून कळलं होतं.

आता बेळगावातल्याच शहापूरचं घर.

पहिलं कात्रण होतं दोन-अडीच वर्षांपूर्वीचं. 'शहापूर येथे दोन गुंठे जागेत कौलारू घर, मागे मागाची खोली, विहीर. विकणे आहे. एजंट क्षमस्व.' चार रविवार आली, थांबली. आठ-नऊ महिन्यांनी तीच जाहिरात पुन्हा दिसली, किंमत सात लाखांनी कमी आणि 'एजंट क्षमस्व' गेलेलं. ती ओळ गेली म्हणजे त्या घरातलं माणूस दमलं, असं मला वाटलं. तीही जाहिरात चार रविवारांनंतर थांबली. ईसी काढली, फॉर्म १६ आला. मी पत्र लिहिलं.

बारा-तेरा दिवसांनी फोन आला. "ते पत्र तुमीच लिवलंय काय ओ? माझ्या नातवानं वाचून दावलं. मला परत वाचायला सांगितलं मी त्याला." वय सत्तरीच्या पुढचं असावं. गल्लीत त्यांना सगळे अक्का म्हणतात, मीही अक्काच म्हणते.

शहापूर म्हणजे एके काळी मागांचं गाव. दारात उभं राहिलं की खटखट ऐकू यायची, ती आता तुरळक झाली. अक्कांच्या घरात सोप्यातून आत गेलं की माजघर, त्याच्या मागं मागाची खोली. माग गेला तरी खड्डा होता. पूर्वीच्या हातमागाला विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि पावड्या खाली पायानं मारायचा, त्याचा तो खड्डा. वर फळ्या टाकल्या होत्या आणि फळ्यांवर कांदे पसरले होते. खड्ड्याच्या बरोबर वर, जमिनीपासून हातभर उंचीवर एक बुटकी खिडकी होती. उभ्या माणसाला तिचा काही उपयोग नाही. खड्ड्यात बसलेल्याच्या सुतावर उजेड पडावा म्हणून ती तिथं केलेली. घर बघायला आलेल्या सगळ्यांनी अक्कांना विचारलं होतं, खिडकी एवढी खाली का? "सांगून सांगून दमलो बाई," अक्का म्हणाल्या.

पार्ट्या किती आल्या? पाच. पाचांपैकी तिघांना घर आवडलं, भावही जवळपास जुळला, आणि तिघांचेही वकील एकाच कागदापाशी अडले. अक्कांनी ट्रंकेतून तो काढला. मुंबई राज्याच्या काळातलं वाटणीपत्र, पिवळं पडलेलं, चार घड्यांवर फाटत आलेलं, आणि सगळं मोडीत. वकिलांना मोडी येत नव्हती. बँकेला लिप्यंतर हवं होतं. अक्कांच्या सासऱ्यांनंतर त्या घरात तो कागद कुणी वाचलाच नव्हता.

मोडी वाचणारी माणसं आता मोजकीच आहेत. कोल्हापुरात एका निवृत्त शिक्षकांकडे मी अक्कांच्या नातवाला घेऊन गेले. मोडीत शब्द तोडून लिहायची पद्धत नाही, लेखणी न उचलता ओळ चालत राहते. गुरुजींनी भिंग घेतलं आणि आधी मनात एकदा संपूर्ण वाचलं. मग मोठ्यानं वाचायला लागले. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस अमक्याचं घर, ही चकबंदी मला पाठ असते, मी नुसती ऐकत होते. पश्चिमेच्या बाजूला येताच गुरुजी थांबले आणि तेवढी ओळ परत वाचली. पश्चिमेस सामाईक बाव, म्हणजे विहीर. पाणी दोन्ही भावांनी निम्मं निम्मं घ्यावं. बाव कोणा एकानं बुजवू नये.

परत आल्यावर मी पहिल्यांदा ती विहीर नीट बघितली. विहिरीच्या बरोबर मधोमध, काठापासून काठापर्यंत, कमानीवर भिंत उभी होती. अलीकडे अक्कांचा रहाट, पलीकडे शेजाऱ्यांचा. पाणी खाली एकच. शेजारी म्हणजे त्या दुसऱ्या भावाचे वारस. दोन्ही घरांत बोलणं नव्हतं, का नव्हतं हे सांगताना अक्कांनाही नीट आठवेना, कुठल्यातरी लग्नातल्या मानपानाचं होतं. घेणारे सगळे जुनं घर पाडून बांधायला बघत होते, विहीर बुजवून गाडी लावायला जागा काढणार होते. ते जमणारच नव्हतं. समजा, न वाचता कुणी खरेदी केली असती तर पुढची वीस वर्षं दिवाणी कोर्टात गेली असती.

मी अक्कांना विचारलं, शेजाऱ्यांना कधी विचारलंत का? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. शेजारी तर रोज अक्कांच्या दारावरच्या 'विकणे आहे' पाटीखालून जात होते. त्यांना माहीत नाही असं कसं होईल?

दुसऱ्या दिवशी मी भिंतीपलीकडे गेले. तिथल्या काकांनी चहा ठेवायला सांगितला आणि म्हणाले, "आमाला कोण विचारलंच न्हाई ओ. पेपरात घालून जगाला विचारलं. आमी कसं जायचं आपण होऊन?" त्यांच्या मुलाचं लग्न ठरत होतं, एक खोली कमी पडत होती. इतके दिवस ते त्या पाटीकडे बघत होते.

मग बोलता बोलता खरी गोष्ट निघाली. अक्कांना घर सोडायचं नव्हतंच. सोप्याचं आणि माजघराचं आढं वाळवीनं खाल्लं होतं, दोन पावसाळे ताडपत्री टाकून काढले, दुरुस्तीला पैसा नव्हता. मुलं म्हणाली विकू या, त्या हो म्हणाल्या. जाहिरात बंद पडली की त्यांना आतून बरं वाटायचं, हे त्यांनी मला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं, नातू बाहेर असताना.

शेवटी मागाची खोली आणि विहिरीपर्यंतचं परस शेजाऱ्यांनी घेतलं. सिटी सर्व्हेची मोजणी, पोटहिस्सा, दोन वेगळे ई-खाते, यात सात महिने गेले. कचेऱ्यांचे हेलपाटे मीच घातले. दलाली निघाली ती छोट्या तुकड्याची. पण अक्कांच्या सोप्याचं आणि माजघराचं आढं सागवानी झालं, मृगाच्या आधी कौलं चढली, आणि घर अक्कांकडेच राहिलं. वहीत शहापूरच्या दोन्ही कात्रणांपुढे 'का?'च्या रकान्यात मी एकच शब्द लिहिला: बाव.

गेल्या महिन्यात अक्कांकडे गेले होते. त्यांनी वहीबद्दल ऐकलं होतं, दाखव म्हणाल्या. चष्मा लावून त्या पानं उलटायला लागल्या. आपलं कात्रण बघितलं, त्यावरून बोट फिरवलं आणि पुढं गेल्या. खासबागेतल्या एका जुन्या कात्रणावर थांबल्या. त्या ओळीतला शेवटचा रकाना कोराच होता, माझ्या दोन पत्रांना उत्तर आलेलं नव्हतं.

"हे आमच्या मावशीच्या जावेचं घर," अक्का म्हणाल्या. "अजून गेलं न्हाई?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला, परत लावला आणि वही माझ्या बाजूला सरकवली.

"पेन काढ. मी सांगतो का ते."